गेमकाकूंची अमेरिकेतली जत्रा

गेमकाकूंना स्वतःला एकही गेम धड खेळता येत नसे. अख्ख्या पुलगावात व्हिडिओ गेमचं दुकान चालवणारी ही एकटी बाई, पण हातात रिमोट दिला की पहिल्याच खड्ड्यात पडत आणि वर आम्हालाच झापत, "इथं खड्डा काऊन ठेवला बाप्पा यानं? एवढं सारं बनोलं, रस्ता नाई सारखा करता आला?" मग रिमोट आमच्या अंगावर टाकून त्या कूलरमध्ये पाणी ओतायला जात.

काका दारूगोळ्याच्या डेपोत कामाला होते. काकूंनी घराच्या पुढच्या खोलीत टीव्ही मांडले, भिंतीला बाकं लावली आणि दुकान सुरू केलं. शिवी दिली की टीव्ही बंद, हा तिथला कायदा. "शिवी आपल्या घरी देजो, तुया मायले आवडन," असं म्हणून त्या सरळ वायर उपटत. मुलींनी गेमच्या दुकानात जाणं तेव्हा कुणाच्या आईला रुचलं असतं? माझी आई मात्र खुशाल पाठवायची, कारण दुकान काकूंचं होतं.

एकदा बदली होऊन चाललेल्या एका फौजी कुटुंबाने जाताना जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा काकूंना दिला. त्यातल्या एका मासिकात भल्यामोठ्या मंडपाचे फोटो होते. "लग्न होय का कोणाचं?" काकूंनी मला विचारलं. मी अडखळत वाचून सांगितलं, की अमेरिकेत दरवर्षी अशी जत्रा भरते. गेम बनवणाऱ्या सगळ्या कंपन्या आपापला नवा माल घेऊन येतात आणि दुकानदार तो बघायला जातात. ही जत्रा दुकानदारांसाठीच आहे, बाकीच्यांना आत सोडत नाहीत.

काकू ताडकन उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे मायासाठीच आहे का नाई ते? मी दुकानदार नाई त कोण आहो?"

त्या दिवसापासून अमेरिकेतली ती जत्रा काकूंना आपल्या माहेरच्या जत्रेइतकी जवळची झाली. एकदा तरी तिथे जायचं, दारावर आपण दुकानदार आहोत असं सांगायचं आणि आत शिरायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत.

जत्रा जूनमध्ये भरे. आमच्याकडे तेव्हा शाळा उघडलेल्या नसत आणि ऊन कुणाला घराबाहेर पडू देत नसे. इंटरनेट कॅफेवाल्याकडून जत्रेचे व्हिडिओ सीडीवर उतरवून आणून काकू ते दुपारी दुकानात लावत. त्या दिवशी खेळ बंद. सगळे रिमोट कपाटात, किल्ली कमरेला. "आज हाताले सुट्टी. आज डोयाचं काम." आम्ही बाकांवर, दाराबाहेर, खिडकीच्या गजांना लटकून ती जत्रा पाहिली आहे. स्टेजवरचा साहेब काय बोलतो ते मी जमेल तसं सांगे आणि काकू ते आपल्या पद्धतीने पुढे सांगत. त्यांच्या तोंडून तो साहेब नेहमी सेलूच्या बाजारातल्या भाजीवाल्यासारखा बोले.

"हा सायबायचा तान्हा पोया होय," त्या म्हणत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडची मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात, त्यांना बक्षिसं मिळतात, तो तान्हा पोळा. काकूंचं म्हणणं असं, की कंपन्याही जत्रेत लाकडाचाच बैल आणतात. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, पाहणारा खूश. तो नांगराला चालेल की नाही, हे पुढे कळायचं. म्हणून प्रत्येक नव्या गेमची झलक संपली की त्या सीडी थांबवत आणि आम्हाला विचारत, "लाकडाचा का खरा?" आम्ही घसा फाडून ओरडत असू. नुसतं बसून राहणाऱ्याला पुढच्या वर्षी बाहेर उभं राहावं लागे.

एकदा काकू स्वतःच फसल्या. एक मुलगी कंदील घेऊन होडीतून नदी ओलांडते, असा एक गेम जत्रेत दाखवला होता. आम्ही म्हटलं लाकडाचा, काकू म्हणाल्या खरा. हट्टाने त्यांनी फळीवर त्याच्यासाठी जागा सोडली. गेम काही आला नाही. कंपनीने तो मधेच सोडून दिल्याचं मी वाचून सांगितलं, तरी जागा रिकामीच. कुणी तिथे पाण्याची बाटली ठेवली की काकू कडाडत, "उचल ते! तथी कोणी यायचं आहे." माल ठेवायला दुकानात जागा पुरत नसे, पण ती वीतभर फळी त्यांनी कधी वापरली नाही.

जत्रेची जन्मकथा तर त्या एखाद्या व्रताची कहाणी सांगावी तशी सांगत. मीच वाचून दाखवलेली, पण त्यांच्या तोंडूनच ऐकावी. "पह्यले हे गेमवाले टीव्ही-रेडिओवाल्यायच्या जत्रेत जात. तथी त्याइले कोण पुसते? मांगं तंबूत बसवलं. मंग त्याइनं म्हटलं, तुमचा मांडव तुमाले लखलाभ, आमी आमचा टाकतो." इथे काकूंचा आवाज चढे. नगरपालिकेच्या मेळाव्यात महिलांच्या वस्तूंचे स्टॉल लागले, तेव्हा पापड-लोणच्याचं नसलेलं दुकान म्हणून काकूंना जागा नाकारली होती. कहाणी सांगताना तो राग त्या अमेरिकेच्या खाती जमा करत. पुढे जत्रा फार फुगली, मग एकदा खर्चाच्या भीतीने अगदी लहान केली, पुन्हा वाढवली, हे सगळं त्यांना घरच्या सुखदुःखासारखं ठाऊक होतं.

मग बातमी आली, की आता तिकीट काढून कुणालाही आत जाता येईल. मला वाटलं काकू नाचतील. त्या रुसल्या. "कोणीबी जाईन? मंग दुकानदाराची काय किंमत राह्यली?" दिवसभर धुसफुसल्या आणि संध्याकाळी काकांना म्हणाल्या, "पासपोर्ट काढाचा आहे."

"अमेरिका म्हणजे गिरड होय का," काका म्हणाले, "सकाळी गेलं न संध्याकाळी वापस?"

"गिरडले तरी तुमी कधी नेलं?"

पासपोर्ट निघाला. काकांच्या रिटायरमेंटनंतर दोघांनी जायचं ठरलं. काकूंनी थंडीसाठी स्वेटर विणायला घेतला. तिकडे जूनमध्ये थंडी नसते, असं मी सांगून पाहिलं, पण विणकाम थांबलं नाही.

नेमका तेव्हाच कोरोना आला. जत्रा भरली नाही. पुढच्या खेपेला ती नुसती पडद्यावर भरली. नंतर पुन्हा भरणार म्हणून जाहीर झालं आणि ऐन वेळी मोडलं. त्या मधल्या काळात काका गेले. पोरांच्या हातात मोबाईल आले, बाकं रिकामी पडली, काकूंनी टीव्ही विकून टाकले. मग एका हिवाळ्यात, जत्रा आता कायमची बंद, अशी बातमी मी पुण्यात ऑफिसात वाचली. गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करते मी, ती त्याच बाकांवर बसल्यामुळे. काकूंना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लगेच फोन केला.

"कोणं बंद केली?" त्यांनी एवढंच विचारलं.

मी सांगितलं, की कुणा एकाने नाही. आता प्रत्येक कंपनी घरबसल्या आपापलं दाखवते, त्यांना जत्रेची गरज उरली नाही.

"आपल्याच आंगणात बैल मिरवला त पाह्यन कोण व माय?" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या एका देशात याहून मोठी जत्रा भरते, मी नेते तुम्हाला, असं मी पुन्हापुन्हा म्हणून पाहिलं. "पाहाले जाता येते पोरी," त्या म्हणाल्या, "पण नवस ज्या देवाचा, त्याच्याचपाशी फिटते."

मधे एकदा सुट्टीत पुलगावला गेले होते. काकूंनी पासपोर्ट काढून हातात दिला, त्याची मुदत संपत आली होती. एकाही पानावर शिक्का नाही. मला वाटलं दाखवायला काढला असेल, तर म्हणाल्या, "वर्ध्याले घेऊन चाल मले. नवा कराचा आहे." वर्ध्याच्या पोस्टात पासपोर्टच्या खिडकीवरच्या मुलाने सहज गप्पा मारत विचारलं, "काय आजी, कुठं फॉरेन टूर?"

"जत्रेले," काकू म्हणाल्या.

"कोणत्या?"

"भरन तवा सांगीन."

मुलगा हसला. मी तोंड फिरवून भिंतीवरच्या सूचना वाचत राहिले, पण एक अक्षर दिसत नव्हतं.

आता काकू मुलाकडे अमरावतीला असतात. पुलगावच्या त्या खोलीत भाडेकरू आला आहे. जून लागला की त्यांचा फोन येतो. तब्येत, ऊन, सुनेचं कौतुक सगळं होतं, आणि ठेवता ठेवता त्या विचारतात, "काई आयकलं काय व?"

कायमची बंद झाली हे मीच सांगितलंय आणि त्या विसरलेल्या नाहीत. तरी मी म्हणते, "नाई काकू, अजून नाई."

"बरं," त्या म्हणतात. "आयकलं त सांगजो."