काउंटरवरचा दुसरा

आमचे दाजी दिवसभर हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि घरी आले की एका ऑनलाइन गेमच्या खेळाडूंसाठी वेबसाइट चालवायचे. गेममधलं कुठलं औषध कसं बनतं ते ती सांगायची, शिवाय तिच्यावर मासे पकडायचा एक छोटा खेळ होता. एकेकाळी तिथे रोज हजारो लोक यायचे. मग गेमच्या कंपनीने ही सगळी सोय गेममध्येच दिली आणि इकडे शुकशुकाट झाला. भेटींचा काउंटर रोज दोन दाखवायचा. एक स्वतः दाजी, दुसरा कोण, देव जाणे.

"त्या एकासाठी तरी चालू ठेवायला हवं," म्हणत ते मान मोडून काम करायचे.

"चुलीत घाला ती वेबसाइट!" ताई करवादायची. "घरात मी आहे, हे तरी आठवतं का?"

मलाही त्या दुसऱ्या अनोळखी माणसाची चीड यायची.

ताई अचानक वारली. आठवड्याने दाजींनी वेबसाइट उघडली, तर काउंटरवर एक. दुसऱ्या दिवशीही एकच.

तिसऱ्या दिवशी मी ताईचा बंद पडलेला मोबाइल चार्ज करून चालू केला. ब्राउझरमध्ये मासे पकडायचा खेळ उघडाच होता. पकडलेले मासे शून्य. पान पुन्हा लोड झालं आणि समोर दाजींच्या स्क्रीनवर एकाचे दोन झाले.