चाळीस नळ्या

माझी आत्या कोळंबीचे पाय कापायची. ऐकायला क्रूर वाटतं, पण तेच तिचं काम होतं, आणि त्यावरूनच कोळंबीची पैदास करणाऱ्या आमच्या हॅचरीत सगळे तिला ‘कात्री’ म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, तिला त्याचं काही वाटत नसे. ओल्या फडक्यात ती मादी अलगद धरायची, पोटाखालच्या पोहायच्या पायाचं इवलंसं टोक कापायची, स्पिरिटच्या नळीत टाकायची आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत सरकवायची. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते, हे तिने मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही सांगेन. त्या टोकावरून प्रयोगशाळेत कळायचं, कोण कोणाच्या गोतावळ्यातली ते.

मी त्याच हॅचरीत होते, पिल्लं पिशव्यांत भरायच्या खोलीत. माझे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, लांबच्या खाडीच्या मुखावरून अंड्यांवर आलेल्या माद्या आणून द्यायचे. नावेने अकरा तास. पिशवी फाटू नये म्हणून प्रत्येक मादीच्या डोक्यावरच्या काट्याला सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबराचा तुकडा बसवायचे. एवढे लाड पोटच्या पोरांचे कधी झाले नाहीत, असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. बाबांचं ठाम मत होतं की मुखावरची कोळंबी वेगळीच. कवच टणक, मिशा लालसर, आणि पुराचं गोडं पाणी आलं तरी तग धरणारी. जवळच्या किनाऱ्यावरची त्याच पाण्यात माना टाकते. जो भेटेल त्याला ते हे ऐकवायचे, आणि ऐकणारा पळवाट शोधायचा.

मग मालकांच्या डोक्यात आलं की दरवेळी समुद्राच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. हॅचरीतच पिढ्या वाढवायच्या, लेकींनाच पुढे आया करायचं. प्रयोगशाळेच्या मॅडमनी त्यांना बजावलं, “सुरुवातीलाच वेगवेगळी घराणी आत घ्या. नाहीतर चार-पाच पिढ्यांत भावाबहिणींचीच जोडी जमेल, आणि एखादा रोग आला तर सगळ्यांना एकदमच घेऊन जाईल.” मालक म्हणाले, “घराणी खरंच वेगळी आहेत का, ते आधी दाखवा.” म्हणून चाळीस नळ्या जवळच्या किनाऱ्याच्या आणि चाळीस मुखाच्या भरायच्या ठरल्या.

त्या खेपेला वारा फिरला. बाबा साठ माद्या घेऊन निघाले आणि त्रेचाळीस जिवंत घेऊन पोचले. त्याही पार गळून गेलेल्या, टाकीच्या तळाशी कलंडलेल्या. दोन दिवसांत मेलेली मादी आणणाऱ्याच्या माथी, असा हॅचरीचा नियम होता. बाबांना उभं राहवत नव्हतं. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, टाकीत पाहिलं.

“दादा, तू घरी जाऊन पड,” ती म्हणाली. “मी बघते सगळं.”

बाबा गेले. आत्याने कात्री घेतली, पण भावाच्या माद्यांना हात लावायचा तिला धीर झाला नाही. कापलं आणि मेल्या तर? ती शेजारच्या टाकीकडे गेली, जवळच्या किनाऱ्याच्या आणखी चाळीस धडधाकट माद्या तिने कापल्या आणि चिठ्ठ्यांवर आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘मुख’. टोकं ती टोकं, इकडची काय आणि तिकडची काय, कुणाचं काय बिघडतंय, असं तिने मनाला समजावलं. तिने हे भावावरच्या मायेपोटी केलं. ते मला मान्य आहे, पण म्हणून माझा राग जात नाही.

दोन महिन्यांनी अहवाल आला. दोन्ही ठिकाणची कोळंबी एकच, तसूभर फरक नाही. येणार दुसरं काय? मालक खूश झाले. जे हाताशी मिळतं त्यासाठी अकरा तास नाव कशाला हाकायची? बाबांना सांगण्यात आलं की आता माद्या आणू नका.

आत्या तेव्हा बोलली असती तर नोकरी गेली असती, आणि तिच्या दोन मुली शाळेत होत्या. ती गप्प राहिली. बाबांना मात्र जो तो डिवचायला लागला. “काय लालमिशी, आज काय वेगळं पकडलंत?” त्यांनी नाव विकली आणि बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागले. चौथ्या वर्षी लादी घसरून मांडीवर आली. तेव्हापासून ते खुर्चीतच होते.

पाय गेला त्याचं त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण एकदा जेवताना ते म्हणाले, “मलाच तसं दिसत असेल. माणसाला आपलं ते वेगळंच वाटतं.” तीस वर्षं त्या पाण्यात काढलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास घालवून बसला होता. आत्या माझ्या शेजारीच जेवत होती. तिने ताटातून मान वर केली नाही.

हॅचरीतल्या सहाव्या पिढीला रोग लागला. मी सकाळी खोली उघडली तर टाकीच्या तळाशी मेलेल्या पिल्लांचा नुसता पांढरा थर. चार दिवसांत झाडून सगळ्या टाक्या रिकाम्या झाल्या, मग चुना ओतला. मॅडम म्हणाल्या, “सगळ्या बहिणी-बहिणीच. एकीला झालं ते सगळ्यांना झालं.” वेगळं रक्त शोधायला त्या दोनदा मुखावर जाऊन आल्या. पण वर धरण झालं होतं, पाणी अडलं होतं, मुख गाळाने भरलं होतं. जाळं रिकामं आलं.

त्यानंतर त्या एका दुपारी आमच्या घरी आल्या. बाबा कुठे जाळी टाकायचे ते त्यांना नकाशावर हवं होतं. आत्या बाबांची दाढी करत होती, ते ती दर आठवड्याला करायची.

“एक बरं आहे,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही कापलेल्या त्या चाळीस नळ्या अजून फ्रीजरमध्ये आहेत. आता नवं यंत्र आलंय, पूर्वी दिसत नव्हतं तेही दिसतं. मुखावर काय होतं आणि आपण काय गमावलं, ते निदान नीट लिहून ठेवता येईल.”

आत्याने वस्तरा वाटीत ठेवला. “त्या उघडू नका,” ती म्हणाली. “त्यात मुखाचं काही नाही.” आणि उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं, मध्ये न थांबता, वाटीकडे बघत.

बाबांच्या अर्ध्या गालावर साबण तसाच होता.

“एकही नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही, दादा.”

“त्रेचाळीस होत्या.”

“हो.”

“त्यातल्या मेल्या किती?”

आत्या वस्तरा पुसायला लागली. त्यांनी पुन्हा विचारलं.

“एकही नाही,” ती म्हणाली. “सगळ्या जगल्या. सगळ्यांनी अंडी घातली. पिल्लं नेहमीसारखी विकली गेली.”

उरलेली दाढी मी केली. आत्याला त्यांनी नंतर कधी हात लावू दिला नाही. ती येत राहिली, दारात डबा ठेवून जात राहिली. मॅडमनी तिची तक्रार कुठे केली नाही. तक्रार करायला हॅचरी तरी कुठे उरली होती?

वर्षभराने मॅडमचं पुस्तक आलं. बाबांनी मला मुखाचं पान काढायला सांगितलं. सगळ्या किनाऱ्यांपुढे आकडे होते आणि मुखापुढे एकच ओळ. मी वाचली, “नमुना उपलब्ध नाही.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तिथली कोळंबी वेगळी होती की नव्हती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

“मला सांगता येईल,” बाबा म्हणाले.

आत्या दारात डबा घेऊन उभी होती. तिने ते ऐकलं. तिला आत ये म्हणावं, असं आम्हा दोघांपैकी कुणालाही वाटलं नाही.