बाभळीजवळ खणलं असतं तर

मंडळी, आज फार रडायला येतंय.

खापा गावाजवळ घरांच्या प्लॉटचा नवीन लेआउट पडतोय. तिथं दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव आहे का, हे पाहायला आम्ही पुरातत्त्ववाल्यांनी चाचणी खड्डे घेतले. खोदकामावरच्या शांताबाई रोज सांगायच्या, "मॅडम, बाभळीजवळ खणा नं. तिथं आमच्या नांगराले खापरं लागत होते."

मी नकाशाप्रमाणेच खणलं आणि ‘काही नाही’ असा अहवाल दिला.

आज सकाळी जेसीबीनं नालीसाठी बाभळीजवळची जमीन फोडली. सारवलेली भुई, चूल, रांजण, सगळ्याचा चुरा झाला.

शांताबाई खापरं पदरात गोळा करत एवढंच म्हणाल्या, "अख्खं घर होतं जी."

अहवाल मी उद्या दुरुस्त करीन. पण शांताबाईंना काय सांगू?