तिला काळाबरोबर बदलता आलं नाही म्हणे

पुष्पा गेली, त्याला महिना उलटून गेला. नाशिकच्या सातपूरला उद्योजकांनी शोकसभा घेतली. पहिलेच वक्ते उठले आणि म्हणाले, "पुष्पाताई जिद्दीच्या होत्या, पण काळाबरोबर बदलणं त्यांना जमलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आलो. तिथे तोंड उघडलं असतं तर शोकसभेत भांडण झालं असतं... म्हणून इथे लिहितोय.

इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आम्ही एका वर्गात होतो. पुढे लग्न झाल्यावर, मुलगी लहान असताना, पुष्पाने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत शेड भाड्याने घेतली आणि ट्यूबलाइटचे चोक बनवायला सुरुवात केली. चोक म्हणजे पट्टीच्या आत बसणारी, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांची जड डबी. तार गुंडाळायला तिने बायकाच घेतल्या. काही सातपूर गावातल्या, काही देवळाली कॅम्पातल्या जवानांच्या घरच्या. माझं पत्र्याच्या पेट्यांचं वर्कशॉप शेजारीच, त्यामुळे चहा रोज एकत्र.

नव्वदच्या दशकात देशाची दारं उघडली तेव्हा आमच्या रांगेत सगळ्यांत जास्त आनंद हिलाच झाला होता, हे त्या वक्त्यांना कोण सांगणार? परवान्यांसाठी मुंबईला खेटे घालून ती वैतागली होती. बाहेरून तार गुंडाळायचं यंत्र आणता येणार म्हटल्यावर तिने शेडमध्ये पेढे वाटले. "विनायक, बघच तू, माझा चोक आफ्रिकेत विकते की नाही!" आणि विकला. केनियाला पहिला माल रवाना झाला त्या आठवड्यात सगळ्या बायकांना जीपमध्ये कोंबून ती त्र्यंबकेश्वरला घेऊन गेली. बदलणं म्हणजे आणखी काय असतं?

पुढे बाहेरचा तयार चोक बाजारात येऊ लागला. तेही तिला चाललं असतं. पण आयात करात एक उफराटा प्रकार होऊन बसला होता. तयार चोकवर कर कमी आणि तो बनवायला लागणाऱ्या तांब्याच्या तारेवर जास्त. म्हणजे वस्तू इथे बनवली की दंड, बाहेरून आणली की सवलत. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तयार मालावरचा कर खाली आला, कच्च्या मालावरचा तसाच राहिला आणि कुणी बघितलं नाही, एवढंच. माझी चीड आहे ती या न बघण्याची.

एकदा शहरातल्या हॉटेलात दिल्लीचे एक अधिकारी 'व्यापार आणि विकास' या विषयावर बोलायला आले. पडद्यावर देशाच्या वाढीची रेघ वर वर चाललेली. पुष्पा उभी राहिली.

"साहेब, स्पर्धा मला हवीच आहे. फक्त तारेवरचा कर तयार मालाइतका करा. माझे पाय बांधून मला पळायला लावू नका."

"मॅडम, एखाददुसऱ्याला त्रास होणारच," ते हसून म्हणाले. "एवढं परवडत नसेल तर तुम्हीच आयात करा ना."

सगळा हॉल हसला. आमचेच लोक. त्यांतले निम्मे तोवर कारखाने मोडून आयातदार झाले होते.

आणि तिने तेही करून पाहिलं! तयार चोकची खोकी मागवली. तार गुंडाळणारे हात स्टिकर चिकटवू लागले. वर्षाच्या आत एका शाळेत तसला चोक जळून वर्गभर धूर झाला. मुलांना काही झालं नाही, पण हेडमास्तर जळकी डबी घेऊन शेडवर आले. डबीवर नाव पुष्पाचं. "सर, हा मी बनवलेला नाही," ती म्हणाली. स्वतःच्या नावाच्या मालाबद्दल हे म्हणावं लागलं, ते तिला सहन झालं नाही. त्या दिवाळीनंतर शेड बंद झाली. यंत्र भंगारात गेलं.

काही वर्षांनी तारेवरचा कर उतरला. मी पेपर घेऊन धावतच तिच्या घरी गेलो. "पुष्पा, तुझंच म्हणणं खरं ठरलं!" ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो का? कुणासाठी रे?" पुन्हा तिने तो विषय काढला नाही. गेल्या महिन्यात सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली.

त्या सभेतून निघालो तो थेट तिच्या घरी. तिचे यजमान अनंतराव होते आणि जमिनीवर शकुंतलाबाई बसल्या होत्या. पुष्पाने कामावर घेतलेली ही पहिली बाई, आता भाजीबाजारात बसते. वक्ते काय बोलले ते मी रागारागाने सांगितलं. शकुंतलाबाईंनी ऐकून घेतलं. मग आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, बाई म्हनायच्या, शकू, तुझ्यासारखा तारेवरचा हात अख्ख्या नाशकात नाय. लय भारी जमायचं मला. अजूनबी जमंल... पण आता या हाताचं करू काय, ते कोनाला इचारू?"