आई कुणाच्या गाडीत?

गेल्या शनिवारी नॉर्वेमध्ये, फेरीबोटीच्या धक्क्यावर आम्ही आईला विसरलो. खरंच विसरलो.

आई दरवर्षी पुण्याहून इकडे येते. तीन महिने माझ्याकडे कार्डिफला, तीन महिने धाकट्या भावाकडे, नितीनकडे, एडिनबराला. यंदा आम्ही दोघांनी मिळून तिला नॉर्वे दाखवायचं ठरवलं. समुद्राकाठचं छोटंसं गाव, रंगीत लाकडी घरं, झाडांची पानं नुकती पिवळी व्हायला लागलेली…

दोन कुटुंबं, म्हणून भाड्याच्या गाड्याही दोन. आई सकाळी माझ्या गाडीत, जेवणानंतर नितीनच्या. अगदी चोख वाटणी!

त्या दिवशी भटकून गावात परतताना खाडी ओलांडायची होती. गाड्या फेरीच्या रांगेत लावल्या आणि आई टॉयलेटला गेली. तेवढ्यात पिवळ्या जॅकेटवाल्याने हात केला आणि रांग भराभर बोटीत सरकली.

मला वाटलं, दुपार झाली, आई नितीनकडे. नितीनला वाटलं, अजून जेवण कुठं झालंय, आई ताईकडे!

वर कॉफीच्या काउंटरपाशी तो भेटला. "ताई, आईला कॉफी चालेल का गं?"

"अरे, आई तुझ्याकडे आहे ना?"

त्याचा चेहरा पाहिला आणि मी खिडकीकडे धावले. बोट केव्हाच सुटली होती, धक्का लांब गेला होता. आईचा फोन माझ्याच पर्समध्ये. तिचं इंग्लिश म्हणजे थँक्यू, सॉरी आणि नो शुगर. त्यात तो सुसाट वारा, ओला धक्का… नको नको ते मनात येत होतं.

बोट मध्येच वळवता येणार नव्हती. पण पलीकडे गाड्या उतरल्या की ती लगेच परत जाणार होती. माझा नवरा आणि नितीनची बायको नेहा गाड्या घेऊन उतरले, आम्ही दोघं बोटीतच थांबलो.

आधी भांडलो. तू बघायला हवं होतंस, तू बघायला हवं होतंस… देवाला मी काय काय कबूल केलं, विचारू नका.

आई धक्क्यावरच्या काचेच्या शेडमध्ये बसली होती. पर्स मांडीवर घट्ट धरून, ओठ थंडीने पांढरे. मला रडूच फुटलं. नितीन मात्र ओरडला, "अगं, गाड्या दिसत नव्हत्या का तुला? येऊन बसायचं ना!"

"दिसत होत्या रे," आई म्हणाली. "पण आत्ता कुणाची पाळी, तेच आठवेना. हिच्याकडे बसले तर तुला वाईट वाटेल, तुझ्याकडे बसले तर हिला. म्हणून जरा थांबले… तेवढ्यात तुम्ही दोघंही गेलात."

आपण किती फेअर आहोत, असं आम्हा दोघांना इतकी वर्षं वाटत होतं. तिला कुठं बसायचंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

पलीकडे उतरल्यावर ते विचारलं.

"मी मागे बसते," ती म्हणाली. "तुम्ही दोघं पुढे बसा, म्हणजे मला दोघंही दिसाल."

नवरा गेला नेहाच्या गाडीत. नितीनने गाडी काढली, मी शेजारी बसले… आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत वळून वळून आईकडे बघत राहिले.