उजवा खाली

हिरालाल रामटेके आधी गाडीच्या दिव्याकडे पाहत आणि मग माणसाकडे. पुरानी बस्तीच्या तोंडाशी, एका जुन्या गोदामाच्या भिंतीसमोर, त्यांचं आठ फुटी दुकान होतं. दुकानापेक्षा भिंतच मोलाची. तिच्यावर गेरूची एक आडवी रेघ होती. रायपूर राजधानी झालं नव्हतं तेव्हापासून किती फटफट्या आणि किती मोटारी त्या रेघेसमोर उभ्या राहून गेल्या, याची गणती नव्हती. दिवा लावायचा, उजेड रेघेच्या कुठं पडतो ते पाहायचं, पेचकस फिरवून झोत वरखाली करायचा. झोत रेघेच्या वर चढला, तर गिऱ्हाईक कितीही घाईत असो, गाडी जागची हलायची नाही.

"मी लावलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यात जात नाही, तो चिडून डिपर मारत नाही," एवढं एकच वाक्य ते छाती काढून बोलत. वडील धर्मपाल भंडाऱ्याहून येऊन रेल्वेत लागले होते. सिग्नलचे कंदील पुसण्यात त्यांचा जन्म गेला. काचेवर एक डाग राहिला तर त्यांना जेवण जायचं नाही. तोच हट्ट मुलात उतरला होता.

मग पांढरे दिवे आले. नव्या राजधानीचे रस्ते रुंद झाले आणि ज्याला त्याला जुन्या गाडीत एलईडी हवा झाला. हिरालाल सहा महिने रुसून बसले. सातव्या महिन्यात त्यांनी एक बल्ब विकत आणून खोलला आणि दोन दिवस त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. जुन्या काचेमागं जिथं तार जळायची, नेमक्या तिथंच नव्या बल्बच्या पिवळ्या टिकल्या यायला हव्यात, डावी-उजवीकडे तोंड करून. बल्ब जरा फिरला की उजेड उधळला. जुन्या फटफटीचं आणखी वेगळं. तिचा दिवा थेट इंजिनवर चाललेला असतो, इंजिन जोरात तर दिवा मोठा, इंजिन हळू तर दिवा मंद. हिरालाल म्हणत, "हा दिवा श्वास घेते." एलईडी लावायचा तर आधी तो बॅटरीवर घ्यावा लागे, आणि मग तो श्वास घ्यायचा थांबे.

हे सगळं त्यांनी शिकवलं ते अनुश्रीला. मुलगी बी. कॉम. झालेली, दोन वर्षांपासून दुकानात होती, आणि तिचा हात बापापेक्षा हलका होता. बापलेकीचं वाजायचं ते एकाच गोष्टीवरून. बाप मराठीत बोले, मुलगी हिंदीत उत्तर देई.

"मराठीत बोललीस तं जीभ भाजते का तुही?"

"समझती तो हूँ ना, पापा. सब समझती हूँ."

"मंग बोलत काहून नाहीस?"

ती हसून वायर सोलायला लागे.

त्या कार्तिकात हिरालालच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर हिरवी पट्टी आली. आठ दिवस धूळ नको, वाकणं नको, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि बायको वनमाला पहाऱ्यावर बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातून फोन आला. अनंतरावांची जुनी मारुती एलईडीसाठी उभी होती. अनंतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, हिरालालचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. पत्नी मंदाकिनीबाईंना घेऊन अभनपूरच्या पुढे एका साखरपुड्याला निघाले होते.

"लेफ्ट लग गया, पापा. राइट का क्या करूँ?"

यात विचारण्यासारखं काय आहे, असं हिरालालना वाटलं. समोरून येणारा आपल्या उजव्या हातानं जातो, तेव्हा उजवा झोत जरा उतरता हवा.

"उजवा खाली ठेव."

"पूरा खाली?"

"हव, चांगला खाली," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पाच वाजता अनुश्री घरी चहाला आली. बाहेर ऊन पिवळं पडत होतं. हिरालालनी पट्टी सावरत सहज विचारलं, "साहेबाचा उजवा किती खाली ठेवला?"

"पूरा. बल्ब ही नहीं लगाया."

हिरालालनी बशी बाजूला ठेवली. "काय म्हनलीस?"

"आपने ही तो बोला, खाली रखो. होल्डर जला हुआ था उसका. मुझे लगा आपने गाड़ी देखी होगी, इसलिए..." तिचं बोलणं अर्ध्यात थांबलं. बापाच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं, आणि मग तो शब्द तिला दोन्ही बाजूंनी ऐकू आला. हिंदीतला खाली म्हणजे रिकामा. मराठीतला खाली म्हणजे... "नीचे," ती पुटपुटली. "आपने नीचे बोला था."

"साहेबाले सांगतलं का?"

"बोला था, एक कल लगेगा. बोले, अँधेरे से पहले लौट आऊँगा."

उजव्या बाजूचा बारका दिवा तर कधीचाच गेलेला. म्हणजे अंधार पडला की ती मारुती समोरच्याला दिसणार एका दिव्याची. एका दिव्याची म्हणजे फटफटी. समोरचा ट्रकवाला फटफटीपुरती वाट सोडणार, आणि त्या दिव्याच्या उजव्या अंगाला, अंधारात, आख्खी मोटार असणार. तीत स्टेअरिंगमागे अनंतराव.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणीतरी उचलला, मागे बँड वाजत होता. "हॅलो, हॅलो" झालं आणि कटला. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

हिरालालनी खिशात नवा होल्डर टाकला, बल्बचा खोका टाकला. वनमाला दारात आडवी झाली.

"डॉक्टरनं काय सांगतलं? डोळा गेला तं मी नाही पुसणार तुमाले!"

"एक डोळा गेला तं दुसरा आहे," हिरालाल चपला घालत म्हणाले. "साहेबाच्या गाडीले एकच दिवा आहे, अन् समोरच्याले थे ठाऊक नाही."

धमतरीच्या रस्त्याला लागेपर्यंत सूर्य गेला होता. अनुश्री स्कूटर चालवत होती. मागे बापाचा हात तिच्या खांद्यावर होता आणि तो हात जड झाला होता. धानाच्या ट्रॉल्या रस्त्यानं सरपटत चालल्या होत्या. हवेत भुसा उडत होता. हिरालालनी पट्टीवर रुमाल दाबला आणि डावा डोळा समोर लावला.

समोरून एक दिवा आला. अनुश्रीनं ब्रेक दाबला.

"चाल," हिरालाल म्हणाले. "श्वास घेऊन राहिला. फटफटी आहे."

खरंच फटफटी होती, तिघं बसलेले. आणखी एक दिवा. वळणावर तो झुकला. "मोटार झुकत नाही. चाल." आणखी एक. पांढरा. अनुश्रीनं पुन्हा ब्रेक दाबला. पण तो खड्ड्यात हादरला, हॅंडलबरोबर डावी-उजवीकडे डुलला, आणि दुधाचे कॅन वाजवत बाजूनं गेला. किती एकटे दिवे असतात संध्याकाळच्या रस्त्यावर, हे हिरालालना जन्मभर दिव्यांचं काम करून त्या दिवशी कळलं.

अभनपूर मागं पडलं. पुढे धानाची एक ट्रॉली, तिच्यामागं ट्रक, ट्रकच्या मागं हे. ट्रकवाला कंटाळला होता. त्याचा उजवा इंडिकेटर लुकलुकायला लागला. ट्रकच्या कडेनं हिरालालना समोरचं दिसलं: रस्त्याच्या पार त्या काठाला एक पांढरा दिवा. लहानमोठा होत नव्हता. झुकत नव्हता. डुलत नव्हता. शांतपणे, सरळ येत होता.

"अनु, थेच आहे. ट्रकच्या बाजूले घे. घे!"

ती ट्रकच्या उजव्या अंगाला घुसली, हॉर्नवरचा अंगठा न काढता. ट्रकचं तोंड बाहेर पडायला लागलं होतं. हिरालाल पायदानावर अर्धे उभे राहिले आणि केबिनवर थाप मारून ओरडले, "रुको भैया! वो फटफटी नहीं है, कार है! कार!"

ड्रायव्हरनं खाली पाहिलं. पट्टीवाला म्हातारा. "ओ काका, एक आँख से मेरे को गाड़ी पहचनवाओगे?" तो हसला. पण हसताना त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला, ट्रक ट्रॉलीच्या मागं रेंगाळला, आणि अनुश्री त्याच्या सावलीत मागं सरकली.

तेवढ्यात पांढरा दिवा गेला, आणि दिव्याच्या अंगाला लागून अंधारातून एक मोटार गेली. ट्रकच्या चाकापासून हातभर.

ड्रायव्हरचं हसणं कुठल्या कुठं गेलं. त्यानं मान बाहेर काढून मागं पाहिलं, मग हिरालालकडे पाहिलं, आणि हात जोडले.

अनुश्रीनं स्कूटर वळवून मारुतीच्या मागं घातली. अनंतराव चाळीसच्या वर कधी जात नसत, म्हणून गाठले गेले. एका धान खरेदी केंद्राच्या चुना दिलेल्या भिंतीजवळ मारुती थांबली. अनंतराव उतरत म्हणाले, "अरे हिरालाल! तू इथं? बाप्पा, तुमचा एकच दिवा असा पांढरा, की दुसऱ्याची आठवणच नाही आली मले."

"म्हनूनच आलो, साहेब."

मंदाकिनीबाई मात्र उतरल्या नाहीत. त्यांच्या बाजूच्या काचेतून त्यांनी ट्रक पाहिला होता. त्या पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या.

अनुश्रीनं मोबाइलच्या उजेडात जळका होल्डर काढला, नवा लावला, बल्ब बसवला, टिकल्या आडव्या केल्या. हिरालालना वाकायची बंदी होती. त्यांनी विटेचा तुकडा उचलून भिंतीवर दिव्याच्या उंचीला रेघ ओढली, जराशी वाकडी. दोन्ही दिवे लागले. उजवा झोत रेघेच्या वर चढून भिंतीभर पसरला होता.

हिरालालनी तोंड उघडलं आणि तोंडाशी आलेला शब्द परत गिळला. घरात, दुकानात, आयुष्यभर जो माणूस मुलीशी हिंदीचा एक शब्द बोलला नव्हता, तो हळू आवाजात म्हणाला, "उजवा... नीचे."

पेचकस थांबला. अनुश्रीनं नाक ओढलं.

"खाली म्हना ना, पापा," ती म्हणाली. "किती खाली, थे सांगा मले."

हिरालालनी भिंतीवर हात ठेवला. "दोन बोटं."

झोत उतरला, रेघेखाली दोन बोटं येऊन थांबला. मारुती रस्त्याला लागली, मागून स्कूटर. थोडं पुढं गेल्यावर समोरून एक ट्रक आला. हिरालालचा हात मुलीच्या खांद्यावर घट्ट झाला. ट्रक जवळ आला, मारुतीशेजारून निघून गेला. त्यानं डिपर मारला नाही.