कोपऱ्यातला ड्रॉवर

कपाटकाकांना काका म्हणावं असं त्यांचं वय नव्हतं. चाळिशी अजून पुढच्या वळणावर होती, डोक्यावर केस होते, आणि पुतणे-भाचे असण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण आत्याने एकटीने वाढवलेले ते एकुलते एक. पण ज्यांनी हे नाव ठेवलं त्या मंडळींची वयं बघता, बूट पुसून घालणारा कोणीही माणूस काकाच ठरला असता.

नावातल्या कपाटाला मात्र आधार होता. काका स्वयंपाकघरं बसवून देणाऱ्या एका दुकानात आराखडे काढत. गिऱ्हाइकाने आपली स्वप्नं सांगायची, काकांनी संगणकावर ओटा, कपाटं, ड्रॉवर मांडून दाखवायचे, गिऱ्हाइकाने "छानच आहे" म्हणायचं आणि मग सगळं बदलायला लावायचं, असं वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. एके दिवशी काकांच्या मनाने घेतलं की आपण गेममधल्या जागा रचायच्या. किल्ले, भुयारं, परग्रह. जिथे उभं राहून कोणी "आणि मिक्सर कुठे ठेवू?" असं विचारत नाही.

गावातल्याच एका गेम कंपनीकडे त्यांनी अर्ज केला. कंपनीने पोर्टफोलिओ मागवला. काकांनी पाठवला. आपल्या उत्तमोत्तम स्वयंपाकघरांचा. कंपनीने सभ्यपणे कळवलं की कपाटं सुंदर आहेत, एखादा गेम असेल तर बघायला आवडेल.

गेम कुठून आणायचा, याचं उत्तर त्यांना गेम जॅममध्ये सापडलं. गेम जॅम म्हणजे एक सामुदायिक घाई असते. शुक्रवारी संध्याकाळी आयोजक एक विषय जाहीर करतात, जगभरची शहाणीसुरती माणसं आपापल्या संगणकाला चिकटतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर अख्खा गेम करून जॅमच्या साइटवर चढवतात. मग आठवडाभर सगळ्यांनी एकमेकांचे गेम खेळायचे, शेरे मारायचे, मतं द्यायची. बक्षीस म्हणाल तर काही नाही. पण दर खेपेला एक गेम पदरात पडतो, आणि असे चार गेम साठले की त्याला पोर्टफोलिओ म्हणता येतं.

अडचण एवढीच होती की कोणताही विषय द्या, काकांच्या हातून खोलीच बाहेर पडे. विषय आला 'समुद्र'. इतरांनी वादळं केली, देवमासे केले. काकांनी खोली केली, जिच्या खिडकीतून समुद्र दिसत होता. विषय आला 'पळा'. काकांच्या गेममध्ये पळायला फारशी जागा नव्हती, पण दारांच्या बिजागऱ्या बघण्यासारख्या होत्या. 'अंतराळ' या विषयावर त्यांनी यान केलं, आणि ज्यांनी खेळलं त्यांना त्यातलं धान्याचं कोठार अजून आठवतं. कुणीतरी शेरा लिहिला, "गेम कंटाळवाणा, कपाटं अप्रतिम." तेव्हापासून जॅमच्या जगात ते कपाटकाका.

या उद्योगात त्यांची जोडीदार होती बेडूक. ती प्रोग्रॅम लिहायची. साइटवर तिच्या फोटोच्या जागी बेडूक होता, म्हणून हे नाव; खरं नाव काकांनी एकदा विचारलं तेव्हा तिने उत्तरादाखल आणखी एक बेडूक पाठवला होता. काकांचा तिच्यामागे एकच लकडा असे. गेममधल्या वस्तू भुतासारख्या एकमेकींच्या आरपार जाता कामा नयेत. ड्रॉवर उघडला आणि मध्ये खुर्ची असली, तर तो खुर्चीवर आपटला पाहिजे. बेडूक सांगून बघायची की काका, लोकांना राक्षस मारायचे असतात. काका म्हणायचे, मारू देत की, पण राक्षसाने दार उघडून आत यावं. शेवटी कटकट करत का होईना, ती प्रत्येक वस्तूला अंग द्यायची.

आणि प्रत्येक गेम पहिल्यांदा खेळायची आत्या. जन्मभर टेलिफोनच्या कचेरीत लोकांच्या तारा जुळवून निवृत्त झालेली ही बाई सूचना वाचण्याच्या विरुद्ध होती.

"इथे करायचं काय असतं?" तिने एकदा विचारलं.

"शोधायचं."

"काय शोधायचं?"

"तेच शोधायचं, आत्या."

"म्हणजे तुझ्या लग्नासारखं," आत्या म्हणाली आणि गेममधल्या खुर्चीवर जाऊन बसली.

अशात त्या कंपनीत पुन्हा जागा निघाली. अर्जाची मुदत संपायच्या आत एकच जॅम उरला होता. समुद्राची खोली आणि यानाचं कोठार यांवर कोणी नोकरी देणार नाही, हे काकांना कळत होतं. या खेपेला काहीतरी असं करायला हवं होतं की ज्याच्यासाठी बोलावणं येईल; नाहीतर उरलेलं आयुष्य मिक्सरच्या जागेवर काढायचं.

विषय जाहीर झाला 'हरवलेलं'. त्याच संध्याकाळी बेडूक तापाने आडवी झाली. रविवारी सकाळी ती उठली तेव्हा तिचा आवाज चित्राला शोभेल असा झाला होता आणि हातात दिवसही पुरता उरला नव्हता. वेळ वाचवायला काकांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. दुकानातल्या कामातून एक तयार स्वयंपाकघर उचललं. एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचं होतं ते, पसंत होऊन कारखान्यात कापायला गेलेलं. गेम सोपा ठेवला. ओट्यावर एक डबा आहे, त्याचं झाकण हरवलंय, ते शोधा. घरभर झाकणंच झाकणं, एकही त्या डब्याला लागत नाही. खरं झाकण काकांनी ओव्हनशेजारच्या कोपऱ्यातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आत्या खेळायला बसली. काका बाजूला गेमची माहिती लिहीत होते.

"हा कोपऱ्यातला उघडत नाही," आत्या म्हणाली.

"नीट ओढ."

"नीटच ओढतेय. बोटभर येतो आणि अडतो."

काकांनी मान वर न करता सांगितलं की त्याला जरा सवय लागते. मुदत संपता संपता गेम चढवला. नियमाप्रमाणे त्या क्षणी कुलूप लागलं. मतदान संपेपर्यंत आता कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्यांनी शेरे उघडले आणि घास हातातच राहिला. लोक वेडे झाले होते. झाकण फटीतून दिसतं, पण ड्रॉवर उघडत नाही! एकाने लिहिलं होतं, शपथ घेऊन गेम बंद केला आणि चहा पिऊन पुन्हा उघडला. एकाने मानवी इच्छेवर निबंध लिहिला होता. काकांनी आपलाच गेम लावून ड्रॉवर ओढला. तो बोटभर आला, ओव्हनच्या मुठीवर आपटला आणि 'टक' असा आवाज झाला. बेडकाने तापातही तो आवाज मन लावून केला होता.

दुकानाच्या संगणकावर ड्रॉवर मुठीच्या आरपार जात होता, म्हणून कुणाला काही दिसलं नव्हतं. ड्रॉवरला अंग पहिल्यांदा मिळालं ते गेममध्ये. कोपऱ्यात दोन्ही बाजू एकमेकींना आडव्या येऊ नयेत म्हणून मध्ये एक पट्टी सोडायची असते. या धंद्यात नवीन आलेल्याला आधी हे सांगतात आणि मग चहाला विचारतात. ती पट्टी काका विसरले होते. आणि तोच ड्रॉवर, तसाच्या तसा, कारखान्यात कापला जात होता.

संध्याकाळी बेडकाचा फोन आला. आपण यादीत सर्वात वर आहोत, असं ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. काकांनी पट्टीचं सांगितलं. ती म्हणाली, "काका, ही चूक आहे हे तुम्हाला माहीत नाही. समजलं?"

दुसऱ्या दिवशी कंपनीचीही मेल आली. झाकणाचा गेम पाहिला, पुढच्या आठवड्यात पोर्टफोलिओ घेऊन भेटायला या.

तोंड बंद ठेवलं असतं तर ड्रॉवर बाईंच्या घरी अडला असता आणि खापर ती कपाटं बसवणाऱ्या सुताराच्या डोक्यावर फुटलं असतं. काकांना तसा विचार शिवून गेला, नाही असं नाही. पण ते उठले आणि मालकांकडे गेले. कोपऱ्यात पट्टी राहिली आहे, काम थांबवायला हवं, म्हणाले.

"कळलं कसं?" मालकांनी विचारलं.

"लोकांनी ओढून बघितला."

"कुठल्या लोकांनी? किचन अजून झालेलं नाही."

काकांनी सगळं सांगितलं. मालक शांतपणे ऐकत राहिले. कारखान्यात फोन करून त्यांनी काम थांबवलं. मग खुर्ची पुढे ओढून एकच शंका विचारली, ती म्हणजे इतके लोक येऊन गेले त्यांत कपाटांच्या रंगाबद्दल कुणी काही बोललं का. त्यानंतर मात्र त्यांनी बजावलं की बाईंची परवानगी ज्याची त्याने घ्यायची, आणि त्या नाही म्हणाल्या तर तो गेम उतरवायचा.

बाई दुकानात आल्या, चष्मा बदलला आणि आधी खेळून बघते म्हणाल्या. काका शेजारी उभे राहिले. गेम उतरवला तर कंपनीकडे न्यायला समुद्राची खोली तेवढी उरत होती. बाईंनी एकेक कपाट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावून टाकलं. असा खेळणारा माणूस काकांनी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी त्या कोपऱ्यात पोचल्या. टक. पुन्हा टक.

"आत दिसतंय ते."

"हो."

"आणि निघत नाही."

"नाही."

"माझ्या घरी?"

"घरी निघेल. पट्टी टाकायला सांगितली आहे."

बाईंनी हात मांडीवर ठेवले. "माझ्या स्वयंपाकघरात एवढी माणसं येऊन गेली. त्यातल्या कुणी एक तरी कपाट बंद केलं?"

"नाही," काकांनी कबूल केलं.

जन्मभर वाचकांनी हवी तिथे टाकलेली पुस्तकं उचलत आलेल्या माणसाचा उसासा त्यांनी टाकला. "राहू दे तो गेम. पण सुरुवातीला एक ओळ घाला. उघडलेलं बंद करावं."

मतदान संपल्यावर काकांनी ती ओळ घातली आणि कंपनीत गेले. गेममधल्या जागा रचणाऱ्या विभागाची प्रमुख केसांत पेन्सिल खोचून बसली होती. समुद्र, पळापळ आणि यान तिने भराभरा ओलांडलं आणि स्वयंपाकघरात येऊन थांबली.

"हा ड्रॉवर," ती म्हणाली. "ही कल्पना कशी सुचली?"

याचं उत्तर बेडकाने काकांकडून पाठ करून घेतलं होतं. त्यात 'अपूर्णता' हा शब्द दोनदा येत होता. काकांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "चूक झाली होती. कोपऱ्यात पट्टी विसरलो."

"म्हणजे गेम पूर्णच होत नाही?"

"नाही."

"आणि ही ओळ? उघडलेलं बंद करावं?"

"ती गिऱ्हाइकाची अट आहे."

तिने पेन्सिल काढून पुन्हा खोचली. "मतदान संपल्यावर दुरुस्त करता आला असता."

"केला होता. पट्टी टाकली. ड्रॉवर उघडला, झाकण निघालं, डब्याला बसलं. माझी आत्या खेळली आणि म्हणाली, एवढंच होतं होय? मग पट्टी काढून टाकली."

"म्हणजे आता ती चूक नाही."

"आता नाही. आता मुद्दाम आहे."

तिने ड्रॉवर ओढला. टक. "असं काही मुद्दाम पुन्हा जमेल?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "मुद्दामचं सांगता येत नाही. घाईत जमेल."

"घाई इथे भरपूर आहे," ती म्हणाली आणि ओव्हनचं दार उघडं ठेवून ड्रॉवर ओढून पाहिला. मग खाली वाकून, फटीत डोळा लावून पाहिला.

"नाही निघत हो ते," काका न राहवून म्हणाले.

"माहीत आहे. आत्ताच सांगितलंत ना." नजर पडद्यावर, हात ड्रॉवरवर. टक. "कामावर कधीपासून येता?"